ढालीच्या अर्जावरची सही

आर्लिस हूकस्ट्राला टाळ्या वाजवता येत नाहीत, असं न्यू ड्रेंथ कॉलेजची पोरं म्हणत. त्यात तथ्य होतं. अमेरिकेतल्या आयोवाच्या हिवाळ्यात अख्खं गाव कॉलेजच्या व्यायामशाळेत लोटायचं, कुस्त्या बघताना बाकांवर उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडायचं, आणि ही बाई ऐन मधोमध, गुणांच्या टेबलाशी, करड्या स्वेटरमध्ये, ओठ मिटून बसलेली. टेबलावरच्या माणसाने ओरडायचं नाही, टाळी द्यायची नाही, हळहळायचंसुद्धा नाही, असा दंडक होता. इतर कॉलेजांत तो कागदावर होता. आर्लिसने सव्वीस वर्षं तो अंगी बाणवला होता. तिचा सख्खा भाचा एकदा तिच्या पुढ्यात अडीच मिनिटांत चितपट झाला, तेव्हा तिने मान न हलवता फक्त वेळ लिहिली. त्या साली थँक्सगिव्हिंगच्या सणाला बहीण तिच्याशी धड बोलली नाही.

हे काम फुकटचं, हौसेचं. दिवसा ती कॉलेजच्या खाणावळीत भट्टी सांभाळायची. बुधवारी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि सोबत दालचिनीचे गोड रोल. ही जोडी ज्याला विचित्र वाटते तो माणूस परगावचा, असं खुशाल समजावं. बुधवारी सकाळी दहापासून त्या रोलचा वास वाचनालयापर्यंत जायचा आणि भुकेले पैलवान मुदपाकखान्याच्या दाराशी येऊन उभे राहायचे. त्यांचं दुखणं ठरलेलं: वजन. कुस्तीच्या आधी काट्यावर पाव किलो जास्त भरलं तरी गडी बाद. त्यामुळे आठवडाभर पाणीसुद्धा मोजून प्यायचं.

“मिसेस हूकस्ट्रा, नुसता वास घेतला तर वजन वाढतं का हो?” वेड रूलोफ्स एकदा चौकटीला टेकून म्हणाला.

“तुझं वाढेल. पळ इथून.”

“अहो, एक कोपरा. जळलेला असला तरी चालेल.”

“माझ्या भट्टीत जळत नाही काही. शनिवारी वजन दिलंस की ये. अख्खा मिळेल.”

आणि शनिवारी अख्खा मिळायचा, वर लोण्याचा गोळा. वेड तेव्हा शेवटच्या वर्षाला होता, एकशे सदुसष्ट पौंडांच्या गटात. खांदे रुंद, बोलणं कमी, हसला की एक पुढचा दात तुटका दिसायचा. बाप धान्याच्या कोठारावर काम करायचा, आई शाळेची बस चालवायची. आर्लिसला मूलबाळ नव्हतं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या पोरावर तिचा जीव होता, आणि हे सगळ्या मुदपाकखान्याला माहीत होतं.

आता ती टेबलावर नेमकं काय करायची, ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. तिच्यापुढे एक पेटी असायची, दोन दिव्यांची. घरच्या गड्याचा हिरवा, पाहुण्याचा लाल. जो पैलवान दुसऱ्याला खाली दाबून वर बसला असेल त्याचा दिवा लावायचा. दिवा पेटला की त्याचं घड्याळ पळायचं. सात मिनिटांच्या कुस्तीच्या शेवटी दोघांची वेळ एकमेकांतून वजा करायची आणि कुणाची पूर्ण एक मिनिटाने जास्त भरली तर त्याला एक गुण. एकच. पण कित्येक कुस्त्या त्या एका गुणावर फिरलेल्या आर्लिसने पाहिल्या होत्या. तिचा अंगठा त्या बटणांवर असा चालायचा की पंचसुद्धा तिच्याकडे न बघता पुढे जायचे.

त्या फेब्रुवारीत नऊ कॉलेजांच्या संघटनेच्या शेवटच्या कुस्त्या न्यू ड्रेंथलाच होत्या. एकशे सदुसष्टच्या अंतिम लढतीत वेडसमोर सेंट लुडमिला कॉलेजचा डेल कोवार आला. तोही हंगामभर अजिंक्य. नियमाप्रमाणे आर्लिसच्या शेजारी पडताळणीला दुसऱ्या कॉलेजचा माणूस हवा. तो हिमवादळात वाटेतच अडकला होता. “आर्लिस आहे ना, मग झालं,” असं म्हणून पंचाने कुस्ती लावली. हा तिचा मान होता, आणि तिला तो आवडलाही.

शेवटच्या मिनिटाला वेड चार-दोनने पुढे होता आणि वर होता. हिरवा दिवा पेटलेला. दोघं झटत झटत टेबलाच्या बाजूला सरकले आणि कोवारने खालून अशी काही उसळी मारली की वेड मानेवर आपटला आणि कोवार वर आला. वेडची मान वाकडी झालेली आर्लिसने चार हातांवरून पाहिली. तिचा हात तोंडाशी गेला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

मग वेड हलला, तिच्या जिवात जीव आला, हात खाली आला आणि तिने लाल दिवा लावला. पंचाने कोवारला दोन गुण दिले. चार-चार. वेळ संपली, वजाबाकी झाली, फळ्यावर वेडच्या नावापुढे आकडा आला: एक मिनिट पाच सेकंद. एक गुण. पाच-चार. गावाने छप्पर डोक्यावर घेतलं.

आपल्याला उशीर झाला, हे तिला कळलं होतं. टेबलाचा रिवाज असा की चूक झाली तर तिथल्या तिथे हात वर करून पंचाला सांगायचं. दोन्ही गडी मॅटवर असेपर्यंत सगळं दुरुस्त होतं, ते उतरले की निकाल पक्का. आर्लिसने मनाशी म्हटलं, सेकंदभर उशीर झाला असेल, फार तर दोन. वर पाच शिल्लक आहेत. तिने हात वर केला नाही. गडी उतरले.

संघटनेची एक ढाल होती. नऊ कॉलेजांतल्या सगळ्या खेळांमधून वर्षातल्या एका सर्वोत्तम पुरुष खेळाडूला द्यायची. अक्रोडाच्या लाकडाची, वर पितळी पट्ट्यांवर नावं. ढाल वर्षभर त्या खेळाडूच्या कॉलेजच्या काचेच्या कपाटात राहायची. एक्केचाळीस वर्षांत ती न्यू ड्रेंथला एकदाही आली नव्हती. कपाटात तिच्यासाठी एक खण मात्र रिकामा ठेवलेला असे, आणि पाहुण्या संघांची पोरं त्या खणाकडे बघून दात काढायची. या साली अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस कुस्त्या जिंकलेला वेड ढालीचा दावेदार होता. त्याच्यासमोर खरा उमेदवार एकच: डेल कोवार, ज्याच्या नावावर हंगामात एकच हार होती. ती कुणाकडून, हे सांगायला नकोच.

एप्रिलच्या अखेरीस कोच ब्राउअर अर्जाचे कागद आणि एक व्हिडिओ कॅसेट घेऊन मुदपाकखान्यात आला. कॅसेट वेडच्या आईने त्या अंतिम कुस्तीची काढलेली होती. अर्जासोबत एक कुस्ती पाठवावी लागे.

“तारखा तपास, गुण तपास आणि खाली सही ठोक,” कोच म्हणाला. “गुणांच्या टेबलाची सही लागते. आणि आर्लिस, त्या कपाटातला खण जरा पुसून घ्यायला सांग कुणाला तरी.”

तिने कॅसेट घरी नेली. दुपारी चारला, स्वेटरसुद्धा न काढता, टीव्हीसमोर बसली. हातात स्वयंपाकघरातलं नव्हे, तर गुणांच्या टेबलावरचं जुनं, सेकंद मोजायचं घड्याळ. मर्ल, तिचा नवरा, मक्याचं बियाणं विकून नुकताच परत आला होता. त्याने खुर्चीमागे उभं राहून बघितलं.

“बाई, ही कुस्ती तू समोर बसून बघितलीस ना? निकाल बदललाय का?”

“गप बस जरा, मर्ल.”

तिने एकदा मोजलं. मग रिवाइंड करून पुन्हा. चार वेळा. चित्राच्या कडेला टेबल दिसत होतं आणि टेबलावर तिचा तोंडावर गेलेला हात. कोवार वर आला होता, पंचाने खूण केली होती आणि हिरवा दिवा तसाच. एक, दोन, तीन, चार. चार सेकंद. शिवाय ही वजाबाकी. वेडला चार सेकंद फुकट मिळाले आणि कोवारचे चार बुडाले, म्हणजे फरक आठाचा. एक मिनिट पाचातून आठ गेले. सत्तावन्न.

गुण नव्हताच. कुस्ती चार-चार होती, ती जादा वेळेत पुढे खेळवायला हवी होती.

मर्लने घड्याळाकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि त्याची थट्टा तोंडातच राहिली. “कुणाला कळणारे?” तो हळूच म्हणाला.

“मला कळलंय की.”

“आर्लिस, रूलोफ्सच्या पोराची ढाल जाईल.”

“माहितेय,” ती म्हणाली आणि एवढं बोलून रडली. मर्लने तिचं रडणं तिच्या आईच्या मरणानंतर पाहिलं नव्हतं. तो बिचारा कॉफी करायला उठला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचेना.

मला या बाईबद्दल आदर वाटतो तो चूक मान्य केली म्हणून नाही. चूक सगळेच मान्य करतात, पकडले गेले की. हिला पकडणारं कोणी नव्हतं. कॅसेट तिच्याच हातात होती, टेप गुंडाळून बसली असती तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. आणि नुकसान व्हायचं ते तिचं नव्हतं, तिच्या जिवलग पोराचं होतं. खरं बोलण्याची किंमत दुसऱ्याने मोजायची असते तेव्हा भलेभले गप्प बसतात, आणि वर त्याला दया म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती कोचच्या खोलीत गेली. कोचने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलला.

“हे बघ आर्लिस, पंचाने वेडचा हात वर केला, पोरं मॅटवरून उतरली, विषय मिटला. नियमांच्या पुस्तकात छापलंय.”

“पुस्तकात निकालाचं छापलंय, कोच. सहीचं या कागदावर छापलंय. खालची ओळ वाच.”

“‘वरील नोंदी माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या आहेत.’ मग? निकाल खराच आहे ना!”

“निकाल खरा आहे. माझी माहिती वेगळी आहे.”

कोच उठला, खिडकीशी गेला, परत आला. “एक्केचाळीस वर्षं! एक्केचाळीस वर्षं ती ढाल लोकांच्या कपाटात धूळ खातेय!”

“धूळ आपल्याकडेही बसेल.”

“तू त्या पोराच्या तोंडचा घास काढतेयस, कळतंय का तुला?”

हे तिला लागलं. “कळतंय,” ती म्हणाली. “म्हणून त्याला मी सांगणार. तू नाही. त्याला सांगितल्याशिवाय काही पाठवायचं नाही.”

वेड व्यायामशाळेत मॅट धूत होता. पैलवानांनी आपली मॅट आपणच धुवायची, कितीही मोठा गडी असो, हा कोचचा नियम. आर्लिस काठाशी उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून गेली: हात, दिवा, चार सेकंद, आठ सेकंद, सत्तावन्न. तेव्हाच सांगायला हवं होतं तेही. वेडने फडका बादलीत बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

“तुम्ही लिहा,” तो शेवटी म्हणाला.

“तुला वाईट वाटलं तर मला—”

“लिहा तुम्ही, मिसेस हूकस्ट्रा. जे झालं ते लिहा.”

ती बाहेर आली. पोराच्या मोठ्या मनाने तिचा ऊर भरून आला होता. त्यानंतर ती भेटेल त्याला तेच सांगत सुटली. मर्लला, मुदपाकखान्यातल्या बायकांना, चर्चच्या पाद्र्यालासुद्धा. एक शब्द बोलला नाही हो पोरगा, नुसतं म्हणाला, लिहा.

तिने सही केली आणि अर्जाला एक चिठ्ठी जोडली. चिठ्ठी लांबलचक नव्हती. “त्या कुस्तीत वेळेची पेटी माझ्याकडे होती. दिवा बदलायला मी चार सेकंद उशीर केला, हिशेबात ते आठ झाले, आणि हे मी तेव्हा पंचाला सांगितलं नाही. वेड रूलोफ्सला मिळालेला शेवटचा गुण माझ्या चुकीने मिळाला. कुस्ती पुढे खेळवली असती तर कोण जिंकलं असतं, मला ठाऊक नाही. बाकी सगळ्या नोंदी खऱ्या आहेत.”

गावात ही गोष्ट दोन दिवसांत पसरली. रविवारी चर्चनंतर हॅम घातलेले पाव आणि कॉफी असते. वेडचे वडील आर्लिसच्या टेबलावरून आपली बशी उचलून पलीकडे जाऊन बसले. पेट्रोल पंपावरचा माणूस तिला म्हणाला, “काय आर्लिस, सेंट लुडमिलावाले तुला किती देतात?” ती हसली नाही. पुढच्या वेळी तिने पेट्रोल दुसरीकडे भरलं, सहा मैल लांब. ती काही संत नव्हती. तिला राग यायचा आणि तो टिकायचाही.

मेच्या मध्यावर संघटनेचं वार्षिक जेवण झालं. नऊ कॉलेजांची नऊ मतं. अध्यक्षांनी कागद उघडला आणि डेल कोवारचं नाव वाचलं. पाच विरुद्ध चार. न्यू ड्रेंथच्या टेबलावर कोच ब्राउअर ताटातल्या बटाट्याकडे बघत राहिला. आर्लिसने बटाट्याकडे बघितलं नाही, ढालीकडेही नाही. ती वेडकडे बघत होती, आणि वेड इतरांसारखा उभा राहून टाळ्या वाजवत होता.

कोवार ढाल काखेत मारून सरळ त्यांच्या टेबलाशी आला. “पुढे खेळलो असतो तर तुला लोळवलं असतं,” तो वेडला म्हणाला.

“झोपेत ना?” वेड म्हणाला. दोघे हसले, हातात हात दिले. मग कोवार आर्लिसकडे वळला आणि मान लववून गेला.

पुढच्या बुधवारी, पदवीदानाच्या तीन दिवस आधी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर वेड मुदपाकखान्यात आला. यावेळी चौकटीशी थांबला नाही, आत आला. आर्लिस परात घासत होती. तिला वाटलं, निरोप घ्यायला आलाय. तिने हात पुसले आणि रोल काढायला वळली.

“नको,” तो म्हणाला. “आधी ऐका.”

“बोल.”

“मला दिवा दिसला होता.”

तिला आधी कळलंच नाही. “कुठला दिवा?”

“त्या दिवशी. मी खाली होतो. माझा गाल मॅटला दाबलेला, तोंड टेबलाकडे. हिरवा पेटलेला होता. तो लाल पाहिजे, हे मला कळत होतं.” तो भराभर बोलत होता, थांबला तर बोलता येणार नाही असं. “मी काय म्हणत होतो मनात, सांगू? राहू दे. अजून थोडा राहू दे. बस. मान दुखत होती आणि मी दिवा बघत होतो.”

आर्लिस पिठाच्या पोत्यावर बसली.

“तुम्ही सांगायला आलात तेव्हा मी म्हटलं, लिहा. तुम्हाला वाटलं, केवढं मन पोराचं. गावभर सांगितलंत. आई मला मिठी मारून रडली. बाबा आधी चिडले, आणि काल म्हणाले, तू माझ्यापेक्षा मोठा माणूस निघालास. मला ऐकवेना ते.” “तुम्ही गप्प राहून सही केली असती ना, तर मी ढाल घेतली असती, मिसेस हूकस्ट्रा. फोटोत हसलो असतो. मला सगळं माहीत असून.”

एवढा थोरला गडी, रुंद खांद्यांचा, भट्टीसमोर उभा राहून मनगटाने नाक पुसत होता. आर्लिसला वाटलं होतं की या पोराचं काहीतरी आपण हिरावून घेतलं, आणि त्याने ते निमूट दिलं. तीन महिने हा एकटाच हे पोटात घेऊन फिरत होता, आणि तिने केलेल्या कौतुकाने त्याच्या ओझ्यात रोज भरच पडत होती. तिला त्याचा राग यायला हवा होता, असं तिला क्षणभर वाटून गेलं. आला नाही.

“तुझ्या पाठीवर तो कोवार बसला होता, वेड,” ती म्हणाली. “तू कुस्ती खेळत होतास. दिवा बघायचं काम माझं होतं.”

“पण मी बघितला.”

“बघितलास.” तिने पोत्यावर शेजारची जागा हाताने झटकली. “बस इथे. मलाही सांगायला दोन महिने लागले होते.”